‘हे गाणे नव्हे’ या फितीची हकीकत

ज्याने माणसास कान दिले त्यास नमस्कार, आणि जिने त्या कानांचा उपयोग दाखवला तीसही नमस्कार. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, रविवार, ते दिवशी सकाळी नऊच्या सुमारास राज्याच्या स्वरखान्यातील विजेची पेटी तेरा महिन्यांनी उघडली, आणि तीतील चौसष्ट आवाज नाहीसे झाल्याचे कळले. मग पुढे काय झाले ते जसे पाहिले तसे लिहितो. लिहिणार स्वरखान्याचा कारकून आहे, शब्दांची सजावट त्यास येत नाही, आणि लिहून ठेवा अशी सरकारची आज्ञा झाली म्हणून लिहिले आहे.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. थोरल्या सरकारांच्या कारकिर्दीत राज्यात कारखाने, म्हणजे खाती, अठरा होते, आणि त्यांतील नगारखान्याकरिता परदेशाहून एक पायपेटी मागवली, आणि जहाजातून उतरली ती भलतीच. पट्ट्या काळ्या-पांढऱ्या त्याच, पण भाता नाही, वर फिरवायची आणि सरकवायची बटणे पुष्कळ, आणि वीज लावल्यावाचून मुकी. बाहेरचे लोक तीस सिंथेसायझर म्हणतात, राज्यात पेटीच म्हणतात. नगारखान्याच्या दारोग्यांनी पाहिली आणि म्हणाले, “परत पाठवा. हिला हवा कुठून भरायची तेच कळत नाही.” तेव्हा हेमलताबाई नगारखान्यात बाजाच्या पेट्यांचे सूर लावण्यास होत्या, वय वर्षे बावीस, त्या म्हणाल्या, “आठ दिवस ठेवा, मग पाठवा.” आणि आठ दिवस तिच्यापुढे बसल्या, आणि नवव्या दिवशी तीतून असा आवाज काढला की शनीच्या कड्यावर कोणी चाक घरंगळत सोडले आहे असे ऐकणारास वाटावे. थोरले सरकार संतोष पावले आणि एकोणिसावा कारखाना मांडला, त्याचे नाव स्वरखाना, आणि बाईंस त्याची दारोगी दिली. त्या काळी राज्यात सर्वांची खात्री होती की वीस-पंचवीस वर्षांत गाड्या आकाशातून जातील, जेवणाऐवजी गोळी मिळेल, आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलांस चंद्रावर मामाच्या घरी पाठवता येईल. मग ती वर्षे आली आणि सरली, आणि गाड्या रस्त्यावरच राहिल्या, आणि मामाही इथेच राहिले. तेव्हा बाई म्हणाल्या की तो काळ आला नाही तर न येवो, त्याचे नाचाचे गाणे आपण करू. मग त्यांनी एकेक आवाज बटणे फिरवून बनवला आणि पेटीच्या पोटात ठेवला, असे चौसष्ट केले. नावे त्यांनीच दिली. बंद पडलेले यान, मंगळावरचा सोमवार, पाण्याखालचा तंबोरा, हवा नसलेल्या जागी टाळ्या, अशी. वहीत नावे लिहिली, पण कोणते बटण कुठवर फिरवले ते लिहिले नाही, कारण ते पेटीस ठाऊक होते.

मग दर शनिवारी दुपारी चार ते सात मोठ्या दालनात नाच होऊ लागला. रात्री कर्णे वाजवण्यास बाहेरच्या कायद्याची मनाई, म्हणून दुपारीच दालनाचे पडदे ओढून अंधार करीत, आणि जांभळे-गुलाबी दिवे लावीत, आणि प्रजा चंदेरी कापडाचे अंगरखे घालून येई, आणि काहींनी त्यांवर गणपतीच्या आराशीच्या दिव्यांच्या माळा शिवल्या होत्या. खाली ठोका सारखा, एक दोन तीन चार, त्यावर खर्जाचे सूर घोड्यांच्या टापांसारखे धावते, आणि त्यांवर एक लांब सूर, पुढे काही दिसत नसताना कोणी दूरवर दिवा धरावा तसा. धाकटे सरकार, जे हल्ली गादीवर आहेत, त्यांचा गुडघा अधू असता तेही नाचत. बाईंना कोणी म्हटले की आज फार चांगले वाजवले, तर बाई म्हणायच्या, “हे काही गाणे नव्हे हो. नुसता नाद केला.” हे त्यांचे नेहमीचे बोलणे. हेमलताबाई म्हणजे लिहिणाराचे कुटुंब. चौतीस वर्षे घरातही तेच. नवे काही जुळवले की आत बोलवायच्या आणि आधीच सांगायच्या, “ऐका, पण हे गाणे नव्हे.” आणि लिहिणाराने म्हणायचे, “बरं, नव्हे तर नव्हे. वाजव.” आणि ते गाणेच असायचे, दर खेपेस.

गेल्या वर्षी कार्तिकात बाई चार दिवसांच्या तापाने गेल्या. सरकारांनी वर्षभर नाच बंद ठेवण्याची आज्ञा केली, आणि लिहिणाराने पेटीची वीज काढली, ती बाईंच्या जुन्या चादरीत गुंडाळली, स्वरखान्यास कुलूप लावले आणि किल्ली कमरेस ठेवली. बाईंची शिष्या कालिंदी दोन वेळा आली आणि म्हणाली, “काका, अधूनमधून पेटी सुरू करायला हवी. पडून राहिली तर बिघडते.” लिहिणार म्हणाला, “वर्ष होऊ दे.” तिसऱ्या वेळी ती आली नाही. ही चूक लिहिणाराची आहे आणि ती इथे लिहिली आहे. मग वर्ष झाले, वर एक महिना गेला, आणि येत्या शनिवारी नाच सुरू व्हावा असा हुकूम झाला, म्हणून सप्तमीस कालिंदी आणि लिहिणार या दोघांनी पेटी उघडली, आणि दिवा तर लागला, पण पहिले बटण दाबले तो शीळ घातल्यासारखा एक पोकळ आवाज, दुसरे दाबले तो तोच, आणि चौसष्ट दाबली तो चौसष्टांचा तोच. कालिंदी खाली बसली. मग म्हणाली, “काका, बाईंचे आवाज गेले.” बाईंस न्यावयास लोक आले तेव्हा ‘गेल्या’ हा शब्द लिहिणाराने ऐकला नाही असे केले होते, तो आता ऐकला.

मग दस्तगीर मिस्त्रींकडे माणूस पाठवला. राज्यातील यंत्रे तेच दुरुस्त करतात, पण ते लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेले होते. त्यांचा निरोप आला की पेटीच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते, वीज नसता तीच आवाज धरून ठेवते, ती संपली असणार, शनिवारी येतो, तोवर पेटीला हात लावू नका. पण निरोप येण्याआधीच कालिंदीने हात लावला होता. दोन दिवस बसून तिने आठवणीने बंद पडलेले यान तयार केले, आणि सरकारांपुढे वाजवले, आणि सरकार बराच वेळ मान हलवत राहिले आणि म्हणाले, “छान आहे. पण हे यान नव्हे, मिक्सर आहे. आमच्या मुदपाकखान्यात असाच वाजतो.” कालिंदी रडू लागली. तेव्हा विसाजीपंत कारभारी, जे कोणत्याही दुःखात हिशोबी बोलतात, ते म्हणाले, “सरकार, नवीन पेटी घ्यावी. हल्ली हाताएवढ्या पेटीत हजार आवाज तयार मिळतात. चौसष्टांसाठी रडायचे कशाला?” सरकार म्हणाले, “पंत, तुमचे कुटुंब हरवले तर जनगणनेतून दुसरे द्यावे काय?” मग सरकारांनी लिहिणाराकडे पाहिले आणि आपण काय बोललो ते त्यांस कळले.

मग शुक्रवारी लिहिणार घरी बाईंचे कपाट लावू लागला, जे तेरा महिन्यांत उघडले नव्हते. उघडण्याचे कारण असे की आवाज गेले तेव्हा राखण्यासारखे काही उरले नाही असे वाटले. तर साड्यांच्या घडीत एक कॅसेट निघाली, आणि तिच्यावर बाईंच्या अक्षरात लिहिले होते, ‘हे गाणे नव्हे’. लिहिणार तिथेच जमिनीवर बसला. त्यास वाटले, हे बाईंचे शेवटचे गाणे, आणि नेहमीप्रमाणे आधीच नाही म्हणून ठेवले आहे. आणि नव्हे असे लिहून जे इतके जपले ते किती थोर असेल. ऐकण्याचा धीर झाला नाही, आणि एकट्याने ऐकू नये असेही वाटले, म्हणून तसाच उठला आणि कॅसेट घेऊन सरकारांकडे गेला. सरकारांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळास लावली आणि आज्ञा केली की उद्या नाच होईल, आणि हेच वाजेल, आणि त्याआधी कोणी ऐकू नये.

मग शुद्ध चतुर्दशी, शनिवार, दुपारी चार वाजता दालन भरले. तेरा महिने ट्रंकेत ठेवलेले अंगरखे लोकांनी काढले होते, काहींच्या माळा लागेनात, आणि माणसे बारीक किंवा जाड झाली होती. सरकारांनी बाईंचे नाव घेतले, सर्व उभे राहिले, कालिंदीने कॅसेट टेपरेकॉर्डरात घातली आणि कळ दाबली. आधी एक सरळ शिट्टी झाली, आणि मग किर्रर्र असा आवाज सुरू झाला, जसे हजार रातकिडे पत्र्याच्या डब्यात कोंडून कोणी डबा हलवावा. तो थांबेना. लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा सरकारांनी उजवा हात वर केला आणि डोळे मिटून हलू लागले, आणि सरकार हलले म्हणून दालन हलले. मागे कोणी विचारले, “ठोका कुठाय?” त्यास दुसरा म्हणाला, “आत असतो. आपापला धरायचा.” एक म्हातारी कानात बोटे घालून नाचत होती. पंत कारभारी नाचता नाचता म्हणाले, “हे फार पुढच्या काळचे. आपल्याला कळायला शंभर वर्षे जातील.” मग ते थांबले, पुन्हा शिट्टी झाली, पुन्हा तेच किर्रर्र, आणि सरकार म्हणाले, “पाहा, ध्रुवपद परत आले,” आणि लोकांनी टाळ्या दिल्या. ऐसे पाच वेळा झाले. लिहिणार भिंतीशी उभा होता. त्यास ते आवडले नाही. चौतीस वर्षांत बाईंचे एकही गाणे त्यास कळले नाही असे झाले नव्हते, कमी कळले असेल, पण पोचले नाही असे कधी नाही. आणि हे एक पोचले नाही. मनात आले की शेवटी शेवटी ती कुठे तरी निघून गेली होती, मी शेजारी जेवत होतो आणि मला पत्ता नव्हता. हे पेटीच्या त्या पोकळ आवाजापेक्षाही वाईट वाटले, आणि ते कोणास सांगण्यासारखे नव्हते.

इतक्यात दस्तगीर मिस्त्री दारात आले. हातात पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ, आणि पाचव्या खेपेचे किर्रर्र चालू, आणि सरकारसुद्धा सारे राज्य त्यावर डोळे मिटून डोलते आहे. मिस्त्री काही वेळ पाहत राहिले आणि मग दाराच्या चौकटीस धरून असे हसू लागले की खोकला लागला. कालिंदीने टेप थांबवली. पंत म्हणाले, “मिस्त्री, शरम धरा. बाईंचे शेवटचे गाणे चालले आहे.” मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, “पंत, गाणं कुठलं वो? ही फीत ऐकायची नसती. पेटीला पाजायची असती.” सरकार म्हणाले, “पाजायची म्हणजे?” मिस्त्री म्हणाले, “सरकार, पेटीच्या पोटात जे असतं ते तिच्या भाषेत असं वराडून सांगती, आन् आपण ते फितीवर भरून ठिवायचं. बॅटरी मेली, आवाज गेले, तर फीत लावायची, वायर पेटीला जोडायची, की ती आपलं आपण परत पिऊन घेती. हे गाणं न्हाई. हे आवाजच हायत, सगळे, गाठोडं बांधलेले.” लिहिणार म्हणाला, “मग तिनं तसं लिहिलं का नाही?” मिस्त्रींनी कॅसेट काढली, दिव्यापाशी धरली, वाचली आणि म्हणाले, “लिवलंय की काका. ‘हे गाणे नव्हे’. याच्यापरीस सरळ अजून काय लिवायचं?”

लिहिणार तेव्हा हसला. तेरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि मोठ्याने. बाई जन्मभर खोटे नम्र बोलल्या आणि एकदाच खरे बोलल्या, आणि त्याच वेळेस कोणी विश्वास ठेवला नाही. आणि लिहिणारास न पोचलेले असे बाईंचे गाणे नव्हतेच. हा भार खाली ठेवला गेला तो इतका एकाएकी की कालिंदीने दंड धरून त्यास खुर्चीवर बसवले. पंत हळूच म्हणाले, “सरकार, आजच्या नाचाची नोंद दप्तरात नसावी हे बरे.” सरकार लाल झाले होते, तरी म्हणाले, “असू दे. आम्ही नाचलो ते लिहा. बाईंच्या नावाने आम्ही यापेक्षा वाईट गोष्टीवरही नाचलो असतो.”

मग दुसरे दिवशी पौर्णिमा, रविवार, सकाळी मिस्त्रींनी पेटीचे पोट उघडले, जुनी बॅटरी काढून नवी डाख देऊन बसवली, आणि फीत मागे गुंडाळली, तो तिची कड थोडी मुडपली. मिस्त्री म्हणाले, “जुनी हाय. परत एकदा मागं घेतली तर तुटंल. बाईंनी पाच वेळा भरलंय म्हंजे पाच घास हायत. एवढ्यात झालं पायजे.” सरकार, पंत, कालिंदी आणि लिहिणार असे चौघे भोवती होते. पहिली खेप झाली आणि पेटीच्या लहान पडद्यावर चूक अशी खूण आली. मिस्त्री म्हणाले आवाज लहान पडला, आणि मोठा केला, आणि दुसरी खेप झाली, पुन्हा चूक. मोठा जास्त झाला म्हणून कमी केला, तिसरी खेप, पुन्हा चूक. पंतांनी विचारले, “किती उरल्या?” कालिंदी म्हणाली, “पंत, मोजू नका.” चौथ्या खेपेस टेपरेकॉर्डराचा पट्टा घसरला आणि किर्रर्र मध्येच जाड होऊन वाकले, आणि मिस्त्रींनी टेप थांबवली. मिस्त्रींनी पट्टा काढला, पुसला, कालिंदीकडे केसांचा रबर मागितला, तो ताणून पाहिला आणि टाकून दिला, आणि तोच पट्टा उलटा करून चढवला. मग लिहिणारास म्हणाले, “काका, तुमी दाबा.” लिहिणार म्हणाला, “मी आधीच एकदा बिघडवलं आहे.” मिस्त्री म्हणाले, “तुमी बिघडवलं न्हाई. बॅटरी साठ-सत्तर रुपयाची, ती मरतीच. बाई असत्या तरी मेली असती. म्हणून तर त्यांनी भरून ठिवलं.” हे लिहिणारास ठाऊक नव्हते. मग त्याने कळ दाबली.

शिट्टी झाली, आणि किर्रर्र सुरू झाले, आणि या खेपेस ते ऐकताना लिहिणारास असे वाटले की बाई आतल्या खोलीत सामान आवरीत आहेत. पडद्यावरचे आकडे एक, दोन, तीन असे चढू लागले. चाळीसाशी कालिंदीने लिहिणाराचा हात धरला. चौसष्ट झाले, आणि किर्रर्र थांबले, आणि पडद्यावर चूक अशी खूण आली नाही. मिस्त्री म्हणाले, “पिली.” कालिंदीने पहिले बटण दाबले आणि बंद पडलेले यान वाजले, पोकळ नव्हे, मिक्सर नव्हे, तेच, जसे बाईंनी आधी वाजवले होते, शेवटी किंचित खाली झुकणारे, आणि सरकार खाली मान घालून रडले. मग दुसरे, तिसरे, आणि पाण्याखालचा तंबोरा, आणि मंगळावरचा सोमवार, जो ऐकून पंत म्हणाले की हा मला नेहमी कचेरीचा वाटायचा. चौसष्ट वाजवून पाहिले, चौसष्ट होते. त्याच दुपारी चार वाजता, वार शनिवार नसता, सरकारांनी दालन उघडवले, आणि कालिंदीने वाजवले, ठोका बाहेर होता, सर्वांस ऐकू येत होता, आणि म्हातारीने कानात बोटे घातली नाहीत. सरकार गुडघ्याची पर्वा न करता नाचले. लिहिणार नाचत नाही, कधीच नाचला नाही, पण त्या दिवशी भिंतीशी उभा नव्हता, खुर्ची ओढून पुढे बसला होता, आणि कर्ण्यातून लांब सूर आला तेव्हा तो कुठून येतो हे त्यास ठाऊक होते. जाताना मिस्त्रींनी जुनी फीत लिहिणाराच्या हातात दिली आणि सांगितले, “हिचं काम झालं. परत लावायची न्हाई, तुटंल. आता नव्या फितीवर भरून घ्या. आजच्या आज.”

येणेप्रमाणे चौसष्ट आवाज गेले आणि सात दिवसांत परत आले. पेटी आता रोज सकाळी सुरू होते. कालिंदीस दारोगी मिळाली, आणि शनिवारचा नाच चालू आहे. लिहिणार घरी जेवतो आणि त्यास झोप लागते. नव्या फितीवर भरून घेणे मात्र अद्याप झालेले नाही.